हापूसच्या दोन्ही टोकांना एकच विद्यापीठ
मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरूंना खुले पत्र

मा. कुलगुरू,
मुंबई विद्यापीठ

महोदय,


मी नवी मुंबईतल्या एका महाविद्यालयात पर्यावरण शिकवतो. आमच्या वर्गातून शेअर रिक्षाने एपीएमसी मार्केट गाठायला फार वेळ लागत नाही. तरीही पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या बहुतेक मुलांनी ते मार्केट फक्त उड्डाणपुलावरून पाहिलेले असते. हे बदलणे आपल्या हातात आहे, म्हणून हे पत्र. मागणी एकच आहे. विद्यापीठाने एपीएमसी मार्केटमध्ये नासाडीची आणि कचऱ्याची एक कायमची नोंद सुरू करावी. ती विद्यार्थ्यांनी आपल्या हातांनी ठेवावी आणि एका तुकडीने पुढच्या तुकडीकडे सोपवावी. याच नोंदीचे दुसरे टोक रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या महाविद्यालयांकडे असावे. पत्र खुले ठेवले, कारण हे मार्केट चालवणारी बाजार समिती, महानगरपालिका आणि माझे सहकारी प्राध्यापक यांच्याशिवाय हे होणार नाही.

आधी या विषयाची कुळकथा थोडक्यात सांगतो. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९९१ मध्ये पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करायला सांगितले. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीसाठी सहा महिन्यांचा सामाईक अभ्यासक्रम केला. त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याचे डॉ. इरॅक भरुचा यांनी लिहिले. पेशाने शल्यचिकित्सक असलेल्या या माणसाने जंगले पायी तुडवली होती, त्यामुळे पुस्तकात क्षेत्रभेटीला मानाची जागा होती. तासांचे गणित मात्र असे होते : एकूण पन्नास तासिका, त्यांतल्या क्षेत्रकार्याला पाच. गुण शंभर, त्यांतले क्षेत्रकार्याला पंचवीस. एक-दशांश वेळात एक-चतुर्थांश गुण मिळत असतील, तर मुले काय करतील आणि आम्ही शिक्षक काय चालवून घेऊ, हे सांगायला ज्योतिषी नको. आपल्याकडे वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाला पर्यावरणात कोकणचा नकाशा भरायला असे. मुले देवगड, रत्नागिरी अचूक ठिकाणी दाखवत आणि गुण घेत. तिथून निघालेली आंब्याची पेटी आपल्या महाविद्यालयाच्या पाठीमागेच उतरते, हे नकाशात कुठे लिहायचे नसे.

आता नियम बदलले आहेत. २०२३ मध्ये आयोगाने पदवीच्या पर्यावरण शिक्षणाचा नवा आराखडा आणला. राज्याच्या क्रेडिट रचनेत क्षेत्र प्रकल्प, समाजसहभाग आणि ऑन जॉब ट्रेनिंग असे स्वतंत्र रकाने आले. म्हणजे प्रत्यक्ष कामाला कागदावर जागा मिळाली. त्या जागेत सध्या काय बसवले जाते, ते आम्हा शिक्षकांना ठाऊक आहे. एका सकाळची भेट, फाटकापुढे गटाचा फोटो, तीस जणांची प्रश्नावली, तीन रंगीत आलेख आणि शेवटी ‘जनजागृती केली पाहिजे’ अशी शिफारस. पुढच्या वर्षीची तुकडी पुन्हा शून्यापासून तोच प्रकल्प करते. जुना अहवाल कपाटात असतो, फार तर नॅकच्या सातव्या निकषाच्या फाइलमध्ये. ज्या गाळ्यावर मुले गेली, त्या गाळेवाल्याला तो कधी दाखवलेलाही नसतो. ज्याच्या चुकीने कोणाचे काही बिघडत नाही आणि ज्याच्या अचूकपणाने कोणाचे काही सुधारत नाही, ते काम हाताने केले तरी शिक्षण होत नाही, हजेरी होते.

मार्केटमध्ये याच्या अगदी उलट आहे. तिथे प्रत्येक आकड्याला मालक असतो. कांदा-बटाटा, भाजीपाला, फळे, मसाला आणि धान्य असे पाच बाजार तुर्भ्याच्या या आवारात आहेत, लोक त्याला वाशी मार्केटच म्हणतात. कांदा-बटाटा बाजार १९८१ मध्ये मुंबईतून इकडे आला, भाजी आणि फळे १९९६ मध्ये भायखळा आणि क्रॉफर्ड मार्केट सोडून आली. रात्री गाड्या लागायला सुरुवात होते. जुन्नर-नारायणगावचा टोमॅटो आणि कोथिंबीर, नाशिककडचा भाजीपाला, परराज्यातला वाटाणा. पहाटे किरकोळ विक्रेते येतात आणि सूर्य वर येईपर्यंत भाजीचा मुख्य व्यवहार उरकलेला असतो. मापाडी वजन सांगतो, अडत्या भाव सांगतो, शेतकऱ्याच्या नावाने पट्टी फाडली जाते. त्या पट्टीवरचा एक किलो चुकला तर गावाकडून दुपारच्या आत फोन येतो. माझ्या विद्यार्थ्याला असा फोन कधीतरी यावा, एवढीच माझी इच्छा आहे.

या आवारात मुलांनी काय शिकावे? सुरुवात वजनापासून. लुधियानाच्या सिफेट संस्थेने २०१५ मध्ये देशभराची पाहणी करून काढणीनंतरच्या नासाडीचे आकडे दिले : टोमॅटो १२.४४ टक्के, पेरू १५.८८ टक्के, आंबा ९.१६ टक्के. आम्ही हे आकडे फळ्यावर लिहितो, मुले उतरवून घेतात. पण देशाच्या सरासरीतून एप्रिलमधला एक गाळा दिसत नाही. फ्लॉवर आणि कोबीचा पाला इथे गाळ्यावरच उतरतो. तो पाला वाटेत गड्ड्याला गादीचे काम करत आलेला असतो. मग त्याला कचरा म्हणायचे की पॅकिंग? तो शेतातच काढला तर शेताला खत मिळेल आणि गाडीचे वजन वाचेल, पण गड्डा दबून डागाळेल. यातले कोणते नुकसान मोठे? याचे उत्तर पुस्तकात नाही. दोन गोण्या पाल्यासह, दोन पाल्याविना मागवून, तराजूवर ठेवूनच ते कळेल.

त्यानंतर रसायनशास्त्र. पालेभाजीच्या कचऱ्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असते आणि कार्बनच्या मानाने नायट्रोजन भरपूर असतो, साधारण पंधरास एक. नुसत्या पालेभाजीचा ढीग केला तर तो बसतो, हवा कोंडते आणि वास सुटतो. आंब्याच्या पेटीतल्या भाताच्या पेंढ्याचे उलट आहे. तो कोरडा असतो आणि त्यात कार्बन साठ-सत्तर पटींच्या घरात, त्यामुळे एकटा तो महिनोन्‌महिने कुजत नाही. कंपोस्टला हवे असते पंचवीस ते तीस. म्हणजे हापूसच्या हंगामात शेजारशेजारच्या दोन बाजारांतून निघणारे दोन कचरे एकमेकांचे औषध आहेत. हे प्रमाण मुलांनी स्वतः मिसळावे, ढिगात तापमापक खुपसून बसावे, पारा पंचावन्न अंशांवर जातो की नाही ते पाहावे. नाही गेला तर का नाही, ते शोधावे. पाणी जास्त झाले, ढीग लहान पडला की उलथवायला उशीर झाला? त्या एका ढिगात सूक्ष्मजीवशास्त्राचे एक प्रकरण संपते.

आपल्या भाजीच्या तुर्भ्यासमोर, खाडीपलीकडे, दुसरे तुर्भे आहे : भाभा अणुसंशोधन केंद्राचे ट्रॉम्बे. तिथे डॉ. शरद काळे यांनी ‘निसर्गऋण’ बायोगॅस संयंत्र विकसित केले. त्यात कचरा थेट गॅसच्या टाकीत जात नाही, आधी गरम पाणी घालून हवेच्या टाकीत कुजवला जातो. हे कशासाठी? भाजीचा लगदा फार लवकर आंबतो. आम्ल तयार करणारे जिवाणू वेगवान, मिथेन तयार करणारे मंद. आम्ल साचले की सामू उतरतो आणि गॅस थांबतो. त्यात मोसंबी-संत्र्याच्या साली पडल्या तर सालीतले तेल मिथेनवाल्या जिवाणूंना आणखी मारक. म्हणजे फळबाजारातला सगळा माल आंधळेपणाने टाकीत लोटता येत नाही. आपल्या मुलांना टाकीचे चित्र काढता येते, पण टाकी बिघडते कशी हे माहीत नसते. हैदराबादच्या बोवेनपल्ली भाजी बाजारात रोज सुमारे दहा टन कचऱ्यावर वीज करणारे संयंत्र उभे राहिले, ते तिथल्याच सीएसआयआर-आयआयसीटी या संशोधन संस्थेच्या तंत्राने. बाजार आणि प्रयोगशाळा एकाच शहरात असल्याचा उपयोग असा होतो. आपल्याकडे दोन्ही एका खाडीच्या दोन काठांवर आहेत.

वाणिज्यच्या मुलांनी पट्टी वाचावी. टोमॅटो रस्त्यात दबला, तर ते नुकसान शेतकऱ्याच्या पट्टीत भाव पडून येते, की व्यापाऱ्याच्या खात्यात, की घाऊक घेणाऱ्या भाजीवाल्याच्या पाटीत? ज्याच्या खिशाला झळ बसत नाही, तो पॅकिंग कशाला सुधारेल? समाजशास्त्राच्या मुलांनी माथाडींबरोबर बसावे. १९६९ च्या माथाडी कायद्याने या कष्टकऱ्यांना मंडळ, हजेरी, भविष्यनिर्वाह निधी मिळवून दिला, आणि गोणी पन्नास किलोहून जड नको यासाठी त्यांना अजूनही आवाज चढवावा लागतो. जमीन, पाणी, हवा यांच्या यादीत माणसाच्या मानेचा मणका येतो की नाही, हा शाश्वत विकासाच्या तासाला विचारण्याजोगा प्रश्न आहे. आमच्या वर्गात कोपरखैरणे-घणसोलीतली माथाडींची मुले आहेत. साताऱ्याहून, जुन्नरहून आलेल्या घरांतली. त्यांच्या वडिलांना जे ज्ञान आहे ते अभ्यासक्रमात आले, तर ती मुले वर्गात पहिल्या बाकावर येतील. पडलेली भाजी वेचून, निवडून बाहेर विकणाऱ्या बायका, रिकामी खोकी आणि गोणपाट घेणारे, पाला गुरांसाठी नेणारे, हे सगळे कचरा कमी करणारे लोक आहेत. कोणत्याही आराखड्याच्या आधीपासून ते हे काम करतात. नवी योजना आणताना त्यांचे पोट मारले जाणार नाही ना, हे तपासायलाही मुलांनी शिकावे.

महोदय, इथपर्यंतचे काम कोणतेही शहरी विद्यापीठ आपल्या शेजारच्या बाजारात करू शकेल. यापुढचे मात्र फक्त आपणच करू शकता.

वाशीत दिसणारा बराचसा कचरा वाशीत तयार होत नाही. हापूसचा साका घ्या. बाहेरून फळ देखणे, कापले की आतला गर पांढरट, स्पंजासारखा, आंबूस. देवगडहून पेटी चारशेहून अधिक किलोमीटर प्रवास करून आली, डिझेल जळले, हमाली झाली, आढीत पिकली, आणि शेवटी गिऱ्हाइकाच्या सुरीखाली नापास झाली. संशोधकांनी याची कारणे शोधली आहेत : तापलेल्या जमिनीची झळ, कोयीत अवेळी सुरू होणारी रुजण्याची प्रक्रिया, काढणीची चुकलेली वेळ. झाडाखाली पालापाचोळ्याचे आच्छादन केले तर साका कमी होतो, असे प्रयोगांत दिसले आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या वेंगुर्ले केंद्राने नीलम आणि हापूसच्या संकरातून १९८१ मध्ये ‘रत्ना’ ही साका नसलेली जात दिली, ती याच दुखण्यावर. तेव्हा वाशीच्या कचराकुंडीतल्या आंब्याचा पत्ता देवगडच्या कातळावर शोधावा लागतो. एका टोकाला उभा राहिलेला विद्यार्थी फक्त ढीग पाहील. दोन्ही टोकांना हात असलेल्यालाच कारण सापडेल.

आणि दोन्ही टोके आपली आहेत. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. हे पाचही जिल्हे मुंबई विद्यापीठाच्या क्षेत्रात येतात, आणि ज्या बाजारात हा आंबा सर्वांत मोठ्या प्रमाणावर उतरतो, तो बाजारही. देवगडच्या केळकर महाविद्यालयातली विद्यार्थिनी बागेत काढणीची तारीख, झाडाखाली आच्छादन आहे की उघडा कातळ, फळ पाण्यात बुडते की तरंगते, हे लिहील. पेटीवर बागायतदाराचा मार्का असतोच. चार-पाच दिवसांनी वाशीच्या कर्मवीर भाऊराव पाटील महाविद्यालयातला विद्यार्थी त्याच मार्क्याच्या पेटीतली फळे कापून साका मोजेल आणि आकडा उलट देवगडला पाठवेल. बागायतदाराला पुढच्या हंगामाआधी उत्तर मिळेल. मग वाशीत पेंढा आणि पालेभाजी मिसळून झालेले खत परतीच्या गाडीने कोकणातल्या बागेत नेणे भाड्याला परवडते का, हा हिशेब तिसऱ्या वर्षाच्या अर्थशास्त्राच्या वर्गाला द्यावा. कदाचित परवडणार नाही. ते आकड्यांनिशी कळणे हेही शिक्षणच.

यात मोठी अडचण पैशाची नाही, पंचांगाची आहे. हापूसची मुख्य आवक मार्च ते मे. आपल्या परीक्षा साधारण त्याच सुमारास, आणि मे महिना सुट्टीचा. म्हणजे बाजारात शिकण्यासारखे सर्वाधिक असते, नेमके तेव्हा विद्यापीठ परीक्षागृहात किंवा गावी असते. एकटे महाविद्यालय हे बदलू शकत नाही. आपण बदलू शकता. क्षेत्रकार्याच्या एका क्रेडिटला तीस तास धरतात. दोन क्रेडिटचा क्षेत्र प्रकल्प धरला, तर साठ तास होतात. आठवड्याला एक सकाळ, पाच ते नऊ, असे पंधरा आठवडे. हे तास एका सत्रात कोंबण्याऐवजी जानेवारीपासून मेअखेरपर्यंत विभागायची आणि मेमधले काम पुढच्या सत्राच्या गुणपत्रिकेत धरायची मुभा द्या. एका परिपत्रकाचे काम आहे.

त्या परिपत्रकात आणखी चार गोष्टी असाव्यात. बाजार समितीशी विद्यापीठाचा लेखी करार, म्हणजे प्रत्येक महाविद्यालयाला प्रवेशासाठी स्वतंत्र अर्जविनंत्या कराव्या लागणार नाहीत. एक सामाईक नोंदपद्धत, म्हणजे २०२७ चा आकडा २०३२ च्या आकड्याशेजारी ठेवता येईल. नव्या तुकडीचे पहिले काम जुन्या नोंदी तपासण्याचे आणि त्यांतल्या चुका दाखवण्याचे असावे, त्याला गुण असावेत. आणि प्रत्येक हंगामाअखेर निष्कर्ष आवारातच, मराठीत आणि हिंदीत, अडते-माथाडी-बागायतदारांपुढे मांडावेत. तिथे विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांपेक्षा अवघड तोंडी परीक्षा मला तरी माहीत नाही.

शंका निघतील, त्या रास्त आहेत. व्यापारी म्हणतील, पोरे गर्दीत मध्ये येतील आणि उद्या हेच आकडे आमच्याविरुद्ध वापरले जातील. म्हणून नोंदीत गाळ्याचे नाव नको, आणि आकडा जाहीर होण्याआधी समितीला दिसावा. समितीलाही यात फायदा आहे. घनकचरा नियमांनुसार दिवसाला शंभर किलोहून अधिक कचरा करणाऱ्या बाजारांवर ओल्या कचऱ्याची शक्यतो जागेवरच विल्हेवाट लावायची जबाबदारी आहे. त्यासाठी कुठल्या महिन्यात काय आणि किती येते हे आधी कळायला हवे. पालक मुलींच्या काळजीने विचारतील. त्यांना उत्तर हवे ते विम्याचे, स्वच्छतागृहाचे, सोबत शिक्षक असण्याचे आणि वेळेचे. मध्यरात्रीचा व्यवहार पाहण्याचा अट्टहास नको, पहिल्या लोकलनंतरची पहाट पुरे. कोणी म्हणेल, मुलांना फुकटचे झाडूवाले करणार काय? नाही. सफाई कामगाराचे एकही काम मुलांनी करू नये. मोजणे, मिसळणे, तपासणे आणि उत्तर देणे, एवढेच त्यांचे काम. आणि प्राध्यापकांचे साठ तास कार्यभारात धरले गेले नाहीत, तर ही योजनाही फोटोपुरती उरेल. हे मी आमच्याच जमातीबद्दल लिहितो आहे.

हे काही परक्या देशातून आणलेले खूळ नव्हे. रयत शिक्षण संस्थेच्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ साताऱ्यात रुजवले, तेव्हा श्रम आणि शिक्षण यांच्यातली भिंत त्यांनी मानली नाही. पवईच्या आयआयटीत ‘सितारा’ हे ग्रामीण तंत्रज्ञानाचे केंद्र आहे. तिथले एम. टेक.चे विद्यार्थी गावात राहून पाण्याच्या योजना का बंद पडतात हे मोजतात, आणि त्यांच्या अभ्यासाची शासकीय यंत्रणा दखल घेते. पवईला जे मोजक्या निवडक मुलांसाठी जमते, ते आपण लाखो साध्या मुलांसाठी करावे. पदवीला पर्यावरण हा विषय प्रत्येकाला सक्तीचा आहे, त्यामुळे ती संधी आयआयटीपेक्षा आपल्याकडे मोठी आहे.

एकदम सगळे नको. एक भाजीची विंग, फळबाजारातले मोजके गाळे, वाशीकडची दोन आणि कोकणातली दोन महाविद्यालये, तीन वर्षे. तीन हंगामांत नोंद टिकली तर वाढवा, नाही टिकली तर बंद करा आणि का टिकली नाही ते छापा. पहिल्या पेट्या यायच्या आत मुलांना तराजू वाचायला शिकवावे लागेल, म्हणून निर्णय दिवाळीच्या सुट्टीपूर्वी व्हायला हवा. आपले उत्तर होकार असेल तर परिपत्रकाच्या मसुद्यासाठी मी आणि माझे काही सहकारी येऊन बसायला तयार आहोत. नकार असेल तर तो कारणांसह जाहीरपणे द्यावा, म्हणजे त्या कारणांवर आम्हाला काम करता येईल.

आपला,
नवी मुंबईतील एक प्राध्यापक